कंपनी म्हणते राजीनामा लिहून दे, नाहीतर काढून टाकू. ईएसआयचा बेकारी भत्ता मिळेल का?

कोयना · रविवार, रात्री ९.१०

नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारतेय, जरा घाई आहे.

तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे. ठेकेदाराकडून नाही, कंपनीच्याच रोलवर. नोकरीला चार वर्षं दहा महिने झालेत. ग्रॉस २०,०००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १५,०००. पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दोन्ही कापतात.

गेल्या महिन्यात एका लॉटमध्ये रिजेक्शन जास्त निघालं. टूल बदलून द्या असं तो दोन पाळ्या आधीपासून सांगत होता, पण खापर त्याच्यावर फुटलं आणि सुपरवायझरशी शब्दाला शब्द वाढला. शुक्रवारी पहिली पाळी सुटताना एचआरने केबिनमध्ये बोलावलं. मोबाईल बाहेर ठेवायला लावला. टेबलावर दोन कागद होते. एक टाइप केलेला राजीनामा, 'वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे', फक्त सहीची जागा रिकामी. दुसरं कामावरून काढल्याचं पत्र, त्यात 'उद्धट वर्तन व कामातील हलगर्जीपणा'. पहिल्यावर सही केलीस तर अनुभवाचं पत्र आणि सगळा हिशेब आठवड्यात, नाहीतर दुसरं पत्र घरी येईल, असं सांगितलं. घरी विचारून सांगतो म्हणून तो सही न करता निघून आला. उद्यापर्यंत मुदत आहे.

ईएसआयकडून नोकरी गेल्यावर काही महिने पैसे मिळतात असं ऐकलंय. राजीनामा दिला तर मिळतात की काढून टाकलं तर? आईची बीपी-शुगरची औषधं ईएसआयच्या दवाखान्यातून येतात, तेही बंद होईल का? कुणाला नक्की माहीत असेल तर कृपया सांगा.

मनुष्यबळ · रविवार, रात्री ९.३५

कोयनाताई, मी याच क्षेत्रात आहे. प्रामाणिकपणे सांगते, राजीनामा देऊन मोकळं होऊ दे. चाकण-तळेगाव पट्ट्यात पुढची कंपनी रिलीव्हिंग लेटर मागते आणि जुन्या एचआरला फोनही करते. 'काढून टाकलं' असं कळलं की मुलाखतीपर्यंतसुद्धा बोलावत नाहीत. तीन महिन्यांच्या भत्त्यासाठी दहा वर्षांचं करिअर अडवू नका.

जुना युनियनवाला · रविवार, रात्री १०.०५

कोयना, आधी एक गोष्ट कर. भावाला सांग, उद्या काहीही झालं तरी राजीनाम्यावर सही करू नको. बाकीचं सावकाश वाच.

मनुष्यबळ यांचा अनुभव खोटा नाही, पुढच्या नोकरीची भीती खरीच असते. पण त्या एका सहीने काय काय जातं तेही बघा.

कायद्यात 'छाटणी'ची व्याख्या फार मोठी आहे. मालकाने कुठल्याही कारणाने नोकरी संपवली आणि ती शिस्तभंगाची शिक्षा नसेल, तर ती छाटणी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये पंजाब लँड डेव्हलपमेंट महामंडळाच्या खटल्यात हेच पक्कं केलं. माणसं जास्त झाली म्हणून कमी केली, एवढाच अर्थ नाही. छाटणी म्हटली की एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे भावाची पाच वर्षं धरली जातील. २०,००० चे १५ दिवस म्हणजे १०,०००. पाच वर्षांचे ५०,०००, वर नोटिशीचे २०,०००. हे औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-फ कलमात होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही एक महिना आणि १५ दिवस हे सूत्र तसंच आहे. संहितेत भर अशी पडली की छाटणी झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत (नवं काम शिकण्यासाठीच्या निधीत) भरायचा आणि ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची.

'वैयक्तिक कारणास्तव' वर सही झाली की यातला एक रुपयाही मागता येत नाही. राजीनामा हीसुद्धा स्वेच्छानिवृत्तीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच जे. के. कॉटन मिलच्या खटल्यात म्हटलंय. म्हणूनच कंपन्या राजीनाम्यासाठी एवढा जीव टाकतात. त्यात भावाचं भलं वगैरे काही नसतं.

आणि दुसऱ्या पत्राची भीती बाळगू नका. 'उद्धट वर्तन' असं नुसतं लिहून चालत नाही. आरोपपत्र द्यावं लागतं, खुलासा मागवावा लागतो, चौकशी करावी लागते, त्यात कामगाराला साक्षीदार तपासता येतात. यातलं काहीच न करता काढलं तर ते कोर्टात टिकवणं कंपनीला जड जातं. एचआरला हे पक्कं ठाऊक असतं.

भोसरीकर · रविवार, रात्री १०.२०

युनियनवाले दादांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडेही असेच छापील राजीनामे तयार असायचे, फक्त नाव आणि तारीख हाताने भरायची. ज्यांनी सह्या केल्या त्यांना ग्रॅच्युइटीसुद्धा भांडून घ्यावी लागली.

विमाकाका · सोमवार, सकाळी ६.५०

मी ईएसआयच्या शाखा कार्यालयातून निवृत्त झालो. भत्त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण यात लोक फार गोंधळतात. योजना एक नाही, दोन आहेत.

पहिली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी रोजाच्या २५ टक्के मिळायचे. करोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. ही प्रायोगिक योजना आहे आणि तिची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात, म्हणून शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न चालू मुदतीचा विचारा.

अटी अशा: नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमायोग्य नोकरी. अंशदानाचे, म्हणजे ईएसआयच्या वर्गणीचे, काळ वर्षाला दोन असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. बेकारीच्या लगेच आधीच्या काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी कुठल्याही एका काळात पुन्हा किमान ७८ दिवसांचं. भाऊ पाच वर्षं सलग कामावर आहे, त्याला इथे अडचण नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून नोकरी गेली असेल, निवृत्तीचं वय झालं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर ही मदत मिळत नाही. म्हणजे शुक्रवारी टेबलावर जे दोन कागद होते ते दोन्ही भावाच्या विरोधातले होते. एकात स्वेच्छा, दुसऱ्यात गैरवर्तन. त्याला तिसरा कागद हवा आहे, ज्यात कंपनीने सेवा समाप्त केली असं असेल आणि गैरवर्तनाचा ठपका नसेल.

रकमेचा हिशेब: चार अंशदान काळांत, म्हणजे दोन वर्षांत मिळालेला एकूण पगार भागिले ७३०. २०,००० प्रमाणे दोन वर्षांचे ४,८०,०००. रोजचे साधारण ६५७ रुपये, त्याचे निम्मे ३२८. नव्वद दिवसांचे साडेएकोणतीस हजारांच्या आसपास. पगार मधे वाढला असेल तर आकडा थोडा खाली येईल. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की दावा देय होतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि आधारची प्रत, बँकेचा तपशील तिथेच जोडायचा; ते जमलं नाही तर सही केलेली छापील प्रत कागदांसह शाखा कार्यालयात द्यायची. पूर्वी अर्ज मालकामार्फत यायचा, ती अट २०२० मध्ये काढली. हे फार चांगलं झालं. ज्याने काढलं त्याच्याच दारात अर्जासाठी उभं राहायचं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे.

दुसरी योजना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. ही बहुतेकांना माहीतच नसते आणि हीच मोठी आहे. कारखाना बंद पडला, छाटणी झाली, किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने ४० टक्के वा अधिक कायमचं अपंगत्व आलं, तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता. पहिले १२ महिने ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. त्या काळात कुटुंबाला औषधोपचार चालू. किमान दोन वर्षांचं अंशदान लागतं. शिस्तभंगाखाली काढलेला किंवा स्वतःहून नोकरी सोडलेला माणूस इथे बसत नाही. बेकायदा ठरवलेल्या संपावरचाही नाही.

म्हणून पत्रात 'छाटणी' हा शब्द आला तर दोन वर्षांचा आधार, नुसतं 'सेवा समाप्त' असेल तर तीन महिन्यांचा, आणि राजीनामा असेल तर बहुधा काहीच नाही.

आईच्या औषधांचं सांगतो. ती लगेच बंद होत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत हक्क राहतो; ऑक्टोबर ते मार्चचे भरले असतील तर जुलै ते डिसेंबर. चिंचवडच्या मोहननगर रुग्णालयात किंवा तुमच्या दवाखान्यात 'नोकरी सुटली ना, आता कार्ड चालणार नाही' असं काउंटरवर कुणी म्हणालं तर परत फिरू नका, हक्क कुठपर्यंत आहे ते संगणकावर बघायला सांगा.

कोयना · सोमवार, सकाळी ७.१५

काका, खूप खूप आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतोय, आज गेटवरच अडवलं तर काय करायचं?

जुना युनियनवाला · सोमवार, सकाळी ७.२५

गेटवर अडवलं तर भांडू नको म्हणावं. गेटसमोर उभं राहून फोटो काढायचा, आणि लगेच तिथूनच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहायचं: 'मी आज पाळीच्या वेळेवर कामावर हजर झालो, मला आत घेतलं नाही, मी राजीनामा दिलेला नाही आणि मी काम करायला तयार आहे.' तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह. उद्या 'हा स्वतःच यायचा बंद झाला' असं कंपनी म्हणाली तर हाच कागद कामाला येतो. 'न सांगता गैरहजर' दाखवून नाव कमी करणं ही यांची जुनी वाट आहे.

आत घेऊन पुन्हा दबाव आणला आणि घाबरून सही झालीच, तर त्याच दिवशी 'माझ्याकडून जबरदस्तीने सही घेतली, मी राजीनामा मागे घेत आहे' असा ईमेल जाऊ दे. राजीनामा अमलात येण्याआधी मागे घेता येतो, हे न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केलंय. आठवडाभर थांबून केलेली तक्रार मात्र कुणी खरी धरत नाही.

मनुष्यबळ · सोमवार, सकाळी ९.४०

वरचं सगळं वाचलं. कायद्याची बाजू तुम्ही म्हणता तशीच आहे, मान्य. पण माझा मुद्दा अजून तिथेच आहे. खटला लांबला तर या मुलाने काय करायचं? मी अशी मुलं पाहिली आहेत जी केस लढत बसली आणि त्यांच्या हातातलं काम गेलं. कोयनाताई, कंपनीशी बोलून मधला मार्ग निघत असेल तर बघा. अनुभवाचं पत्र आणि छाटणीची भरपाई, दोन्ही एकाच वेळी देता येतात. बऱ्याच कंपन्या कामगार कार्यालयातून पत्र आलं की तयार होतात, कारण आतल्या लोकांनाही आपली चौकशी झालेली नाही हे माहीत असतं. आणि बोलणी चालू असताना त्याने दुसरी नोकरी शोधायला काहीच हरकत नाही.

जुना युनियनवाला · सोमवार, सकाळी १०.१०

याला माझा पूर्ण पाठिंबा. समेटाची पायरी त्यासाठीच आहे. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा, अधिकारी दोघांना बोलावतात. एकट्या कामगाराला काढलं तरी तो औद्योगिक विवाद धरला जातो, मागे युनियन असायलाच हवी असं नाही.

मुदतींचं लक्षात ठेवा. बडतर्फीविरुद्ध दाद मागायला जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोन केली आहेत. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, ज्याला सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात, त्याखाली तक्रार ९० दिवसांत करावी लागते. कुठल्या दाराने जायचं ते वकील ठरवेल, पण ९० दिवसांच्या आत वकिलापर्यंत पोचा. आणि वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे. आपल्या लोकांना हे कुणी सांगतच नाही, याची मला फार खंत वाटते.

रानजाई · सोमवार, दुपारी १.०५

ग्रॅच्युइटीबद्दल कुणी बोललं नाही. चार वर्षं दहा महिने म्हणजे त्यासाठी लागणाऱ्या पाच वर्षांना दोन महिने कमी. कंपनीने हीच वेळ का निवडली असेल ते दिसतंय.

जुना युनियनवाला · सोमवार, दुपारी २.३०

रानजाई, बरोबर धरलंत. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले असतील तर ते वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा मेत्तूर बीअर्डसेल प्रकरणातला निकाल आहे. दहा महिन्यांत २४० दिवस सहज भरतात. हजेरीच्या आणि भरपगारी रजेच्या नोंदी काढून ठेवा. कंपनी सहजासहजी मानणार नाही, पण मागणी लेखी जायलाच हवी. हिशेब बेसिक आणि डीएवर असतो: १५,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५. म्हणजे ४३,००० च्या वर.

गैरवर्तनाचा ठपका असला तरी ग्रॅच्युइटी आपोआप बुडत नाही. नुकसान केलं असेल तर नुकसानीपुरतीच कापता येते, आणि पूर्ण जप्त करायला दंगा-मारामारी किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा लागतो. सुपरवायझरला उलट बोलणं त्यात कुठेच बसत नाही.

हिंजवडी फेज तीन · सोमवार, रात्री ८.२०

माझा पगार साठ हजारांच्या वर आहे. मला मागच्या आठवड्यात 'परफॉर्मन्स'चं कारण सांगून काढलं. आम्हाला असा काही भत्ता आहे का?

विमाकाका · सोमवार, रात्री ९.००

नाही. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे, जानेवारी २०१७ पासून तीच. अपंग व्यक्तींसाठी २५,०००. त्याच्या वरच्या खासगी नोकरदाराला आपल्या देशात बेकारी भत्ता नाही. पीएफमधली ७५ टक्के रक्कम काढता येते, पण ती तुमचीच साठवण आहे. फार निकड नसेल तर हात लावू नका; पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते, ती तुटू देऊ नका.

मर्यादेच्या जरा वर गेलेल्यांचं मला सगळ्यात वाईट वाटतं. २०,५०० चे २२,००० झाले की चालू अंशदान काळ संपेपर्यंत कपात होते आणि मग माणूस योजनेच्या बाहेर. दीड हजाराच्या वाढीत औषधोपचारही गेले आणि हा आधारही गेला. इतकी वर्षं ही मर्यादा हललेली नाही, ती वाढायलाच हवी.

हडसन किनारा · सोमवार, रात्री १०.४५

हिंजवडी, इथे न्यू जर्सीत तुमच्यासारख्याला भत्ता मिळाला असता. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यापासून ही व्यवस्था आहे, चालवतं प्रत्येक राज्य आपापलं. पगाराची वरची मर्यादा नाही, भत्त्याला मात्र कमाल मर्यादा असते. कॅलिफोर्नियात आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, साधारण २६ आठवडे. पैसे बहुतेक राज्यांत मालकाच्या करातून येतात. न्यू जर्सीत थोडी कपात कामगाराच्या पगारातूनही होते.

'काढून टाकलं म्हणजे भत्ता नाही' असं इथल्या आपल्या लोकांनाही वाटतं आणि ते अर्जच करत नाहीत. ते चूक आहे. काम जमलं नाही, वेग कमी पडला, बॉसशी पटलं नाही, यामुळे काढलं तर सहसा भत्ता मिळतो. अडतो तो जाणूनबुजून केलेल्या गैरवर्तनाने. ही रेघ विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने १९४१ मध्ये एका टॅक्सी कंपनीच्या खटल्यात आखली आणि पुढे अनेक राज्यांनी उचलली: मालकाच्या हिताकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष केलं तरच गैरवर्तन, अकुशलता, साधी चूक, एखाद्या वेळचा निष्काळजीपणा हे त्यात येत नाही. भत्ता जास्त गेला की मालकाचा कर वाढतो, म्हणून मालक विरोध करतात. नकार आला तर अपील करायचं, आणि अपील चालू असताना दर आठवड्याची नोंद भरत राहायची, नाहीतर जिंकूनही मधल्या आठवड्यांचे पैसे बुडतात.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांचं वेगळं. भत्त्यासाठी 'काम करायला मोकळा' असावं लागतं आणि व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. त्यांनी आधी ६० दिवसांच्या सवलतीत नवी नोकरी किंवा दुसरं व्हिसा स्टेटस बघावं.

ऱ्हाइन काठ · मंगळवार, दुपारी १२.३०

जर्मनीतही सहीचाच घोळ होतो. इथे गेल्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरला असेल तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के मिळतात. पण मालकाने पुढे केलेल्या परस्परसंमतीच्या करारावर सबळ कारणाशिवाय सही केली, किंवा स्वतःच्या वागण्यामुळे नोकरी गेली, तर सहसा १२ आठवडे भत्ता रोखतात. इकडे नवीन आलेली आपली मुलं चांगले पैसे मिळतायत म्हणून करारावर सही करतात आणि मग रोजगार कार्यालयात अडकतात.

सावित्रीची लेक · मंगळवार, दुपारी ३.१५

एक जोडायचं आहे. जुन्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे आजारपणाचा किंवा बाळंतपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नव्हतं. माझ्या मावशीला टायफॉइडच्या रजेत असताना काढलं होतं. ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र दाखवल्यावर परत घ्यावं लागलं. प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरचंच घ्या, खासगी चिठ्ठीवर वाद घालतात.

ठेक्यावरचा · मंगळवार, रात्री १०.१०

मी ठेकेदाराकडे आहे. दर महिन्याला ईएसआय कापतात, पण भरतात की नाही माहीत नाही. दर अकरा महिन्यांनी ठेकेदाराचं नाव बदलतं. आम्हाला यातलं काही मिळतं का?

विमाकाका · बुधवार, सकाळी ६.४०

मिळतं. ठेकेदाराचं नाव बदललं तरी तुमचा विमा क्रमांक आयुष्यभर एकच राहतो. नवा ठेकेदार नवा क्रमांक काढत असेल तर काढू देऊ नका, जुनाच द्या; नाहीतर दोन वर्षांची सलगता सिद्ध करताना जीव जातो. अंशदान भरलंय का ते ईएसआयच्या संकेतस्थळावर विमाधारकाच्या लॉगिनमध्ये किंवा सरकारच्या उमंग अ‍ॅपवर महिनावार दिसतं. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के घालतो. २०,००० वर तुमचे १५० आणि त्याचे ६५०. कापून भरले नसतील तर पगारपावत्या घेऊन शाखेत लेखी तक्रार द्या. ठेकेदाराने भरलं नाही तर मुख्य कंपनीवर जबाबदारी येते, आणि भरण्यात मालकाची चूक असेल तर कामगाराचा हक्क जात नाही.

कोयना · तीन आठवड्यांनी, शनिवार, सायंकाळी ६.३०

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. त्या सोमवारी भावाला गेटवर अडवलं. युनियनवाले दादांनी सांगितला तसाच ईमेल आणि रजिस्टर्ड पत्र त्याच दिवशी गेलं. नंतर 'उद्धट वर्तन' वालं पत्र घरी आलं. आम्ही कामगार कार्यालयात अर्ज दिला. पहिल्या तारखेला कंपनीचं कुणी आलं नाही. दुसऱ्या तारखेला एचआर आणि त्यांचे वकील आले. आरोपपत्र कुठे आहे, असं अधिकाऱ्यांनी विचारल्यावर त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

परत कामावर घ्यायला ते तयार नाहीत आणि भावालाही आता तिथे जायचं नाही. जुनं पत्र मागे घेऊन छाटणीचं पत्र देऊ, नोटिशीचा महिना आणि पाच वर्षांची भरपाई देऊ, अनुभवाचं पत्रही देऊ, असं समेटाच्या कागदावर लिहून दिलंय. ग्रॅच्युइटीला नकार दिला, त्यासाठी वेगळा अर्ज करणार आहोत. मनुष्यबळताई, तुम्ही म्हणालात तसं दोन्ही एकत्र मिळालं, मनापासून आभार. छाटणीचं पत्र सोमवारी हातात येईल. काका, आता पुढे काय करू?

विमाकाका · शनिवार, रात्री ८.१५

फार बरं वाटलं वाचून. आता तीन गोष्टी बघा.

कंपनी दर महिन्याला ईएसआयच्या संकेतस्थळावर अंशदान भरते तेव्हा शून्य दिवस असलेल्या कामगारापुढे कारणाचा सांकेतिक क्रमांक टाकावा लागतो. २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे छाटणी. पत्रात छाटणी आणि पोर्टलवर २ असं झालं तर शाखेतला कारकून पोर्टलवरचंच खरं धरेल आणि तुम्हाला महिनाभर हेलपाटे पडतील. बहुतेक ठिकाणी अकाउंट्सचा मुलगा सवयीने २ टाकतो. समेटाच्या कागदात 'पोर्टलवर छाटणी अशीच नोंद करू' हे वाक्य घालून घ्या. सोमवारी पत्र घेतानाच घाला, नंतर कुणी ऐकणार नाही.

शेवटच्या कामाची तारीख पत्रात, पोर्टलवर आणि पीएफच्या नोंदीत एकच हवी. आधारवरचं आणि बँकेतलं नाव अक्षरशः जुळतंय का तेही आजच तपासा.

अर्ज राजीव गांधी योजनेखाली करा, सोबत छाटणीचं पत्र आणि समेटाच्या कागदाची प्रत. दोन्ही योजनांचा लाभ एकाच काळासाठी मिळत नाही, म्हणून आधी मोठी मागा. मधे नोकरी लागली तर लगेच शाखेला कळवा, भत्ता त्या तारखेपर्यंतचा मिळतो. लपवलं आणि नव्या मालकाने त्याच क्रमांकावर अंशदान भरलं, की ते संगणकावर दिसतंच आणि पैसे परत करावे लागतात.

कोयना · शनिवार, रात्री ८.४०

काका, पोर्टलच्या क्रमांकाचं आम्हाला कुणीच सांगितलं नसतं. वाक्य लिहून ठेवलंय, सोमवारी भावासोबत मीही जातेय. ठेक्यावरचा, तुमचा विमा क्रमांक मिळाला का? भाऊ म्हणतोय, उमंगवर लॉगिन जमत नसेल तर तो फोनवर करून दाखवेल. मला व्यक्तिगत निरोप पाठवा.